हरवलेले पक्षी सापडतात तेव्हा: रानपिंगळा, जेर्डनचा धाविक आणि जगभरातले इतर

माळरान (धागाकर्ता)

२०२५ साल पक्षीवाल्यांना एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेऊन गेलं. ऑगस्टमध्ये आंध्रातल्या काटेरी झुडुपांत रात्रीच्या वेळी जेर्डनच्या धाविकाचा, म्हणजे जमिनीवर पळणाऱ्या एका निशाचर पक्ष्याचा, आवाज ध्वनिमुद्रित झाला. दीड दशकाहून जास्त काळ त्याचा पक्का पुरावा कुणाकडे नव्हता. आणि ऑक्टोबरमध्ये सडपातळ चोचीचा कर्ल्यू नामशेष झाल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. सैबेरियातून उडून भूमध्य समुद्राकाठी हिवाळा काढणारा हा पक्षी. मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाजणात फेब्रुवारी १९९५ मध्ये त्याचा शेवटचा फोटो निघाला. त्यानंतर लोक तीस वर्षं शोधत राहिले.

या दोन टोकांच्या मधे बरेच पक्षी लटकलेले आहेत. दहा वर्षांत फोटो नाही, आवाज नाही, डीएनए नाही आणि कुठे पिंजऱ्यातही नाही, अशा पक्ष्यांची जागतिक यादीच केलेली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे १४४ पक्षी होते. त्यांच्याविषयी इथे गप्पा माराव्यात म्हणून हा धागा. तुमच्या भटकंतीचे किस्से, वाचलेल्या बातम्या, सगळं चालेल. फक्त फॉरवर्ड नकोत.

सुरुवात आपल्या घरच्या पक्ष्यापासून करतो, कारण अशी गोष्ट जगात दुसरी नाही.

रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड. १८७३ साली ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. नमुना ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागातून पाठवला होता, म्हणून शास्त्रीय नावात 'ब्लेविटी'. पुढे १८८४ पर्यंत थोडे नमुने मिळाले. खानदेशातले जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्याने गोळा केले. मग सामसूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरून ठेवलेली सात कातडी, बस्स.

त्यातलं एक कातडं रिचर्ड माइनर्ट्झहागेनचं. हा ब्रिटिश कर्नल, हेर, शिकारी आणि मोठा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. सलीम अली १९३७ साली अफगाणिस्तानच्या मोहिमेत त्याच्याबरोबर होते. त्याच्या कातड्यावरची चिठ्ठी सांगत होती, 'मांडवी, गुजरात, ऑक्टोबर १९१४'. म्हणजे १९१४ पर्यंत पक्षी होता आणि तो गुजरातेत होता, असं सगळे धरून चालले. सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ रिप्ली यांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मोठ्या ग्रंथाचं काम करत होत्या. त्यांना या कर्नलच्या नोंदींचा संशय आला. कातड्यांचे क्ष-किरण फोटो काढले, आतला कापूस, टाके, पेंढा भरण्याची पद्धत तपासली. उघडकीला काय आलं? तो मांडवीचा रानपिंगळा डेव्हिडसनने ऐंशीच्या दशकात (अठराशे ऐंशीच्या!) खानदेशात मारलेलाच होता. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. या गृहस्थांना नमुने परस्पर उचलल्याबद्दल १९१९ साली त्याच म्युझियमच्या पक्षीविभागात दीड वर्ष बंदी झाली होती, हे आणखी विशेष.

गुजरातची नोंद खोटी ठरली तशी शोधाची दिशाही बदलली. उरल्या फक्त खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडे हिंडले, तिथे काही मिळालं नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात एका उघड्या झाडावर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी. दिवसाढवळ्या!

माझ्या मते रानपिंगळा हरवलाच नव्हता, पत्ता एका चोराने बदलला होता. असो. आता तुम्ही लिहा.

पाणवठा

जबरदस्त! वाचनखूण साठवली. कर्नलसाहेबांवर वेगळा धागा काढाच.

एक बाळबोध प्रश्न. आमच्या सोसायटीच्या मागच्या वडावर पिंगळ्याची जोडी आहे. साधा पिंगळा आणि रानपिंगळा ओळखायचा कसा? फोटोत मला दोन्ही सारखेच गोलमटोल दिसतात.

सातपुडेकर

सोसायटीच्या वडावर आहे तो साधा पिंगळाच, निश्चिंत राहा. :)

मी नंदुरबारकडचा, प्राथमिक शिक्षक. रानपिंगळा पाहायचा तर आधी डोकं बघायचं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे-तपकिरी पट्टे. छातीचा तपकिरी रंग भरीव, आणि पोटाखालचा भाग स्वच्छ पांढरा. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. सावज हेरताना शेपूट डावी-उजवीकडे झटकतो, ती लकब एकदा बघितली की लांबूनही कळतं. आणि वेळ. हा दिवसाचा पक्षी. हिवाळ्यात सकाळी उन्हाला बसतो, सरडे, सापसुरळ्या, उंदीर, मोठे किडे पकडतो.

जागा म्हणाल तर सागाचं, मोकळं, पानगळीचं रान. जुन्या झाडांच्या ढोल्या पाहिजेत, नाहीतर घरटं करणार कुठे? आमच्याकडे तोरणमाळ, तिकडे मेळघाट, मध्य प्रदेशात खंडव्याकडची जंगलं. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात सापडला तेव्हा मुंबईवाल्यांची चंगळ झाली. आणि गंमत अशी की नंतर दक्षिण गुजरातमध्येही खराखुरा मिळाला. कर्नलने चिठ्ठीत लिहिलं ते खोटं, पण राज्य मात्र बरोबर निघालं!

आता वाईट भाग. जळण, वणवे, शेतीसाठी मोकळं होणारं रान, यात सगळ्यात आधी जातात त्या जुन्या ढोलीच्या झाडांच्या जागा. घुबडाचं नाव काढलं की तोंडं वाकडी करणारे घरोघरी आहेतच. माझ्या वर्गातली पोरं मात्र आता आवाज ओळखतात. ती सांगतात, "गुरुजी, आज ओढ्याकडे बोलला." वनखात्याच्या गणनेपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा.

शंकासुर

धागा छान, पण 'अमुक साहेबांनी शोधला' या भाषेवर माझा आक्षेप आहे. पाड्यावरच्या माणसाला तो पक्षी रोज दिसत असणार. त्याला कुणी विचारलं नाही इतकंच. ११३ वर्षं पक्षी कुणाला दिसत नव्हता? लंडनला.

निशाचर

@शंकासुर, अर्धं पटतं. जेर्डनच्या धाविकाची गोष्ट तुमच्याच बाजूची आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

थॉमस जेर्डन हा लष्करी डॉक्टर. १८४८ साली या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. १९०० मध्ये अनंतपूरजवळ शेवटची नोंद, मग गायब. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) ऐंशीच्या दशकात शोध सुरू केला तेव्हा त्यांचे संशोधक भरत भूषण आंध्रात गावोगाव चित्रं दाखवत फिरले. पक्षी पकडणाऱ्यांना, गुराख्यांना विचारत. जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यात रेड्डीपल्लीजवळ ऐतण्णा नावाच्या पारध्याने रात्री बॅटरीच्या उजेडात एक पक्षी पकडला आणि आणून दिला. ८६ वर्षांनी! सलीम अली तेव्हा थकलेले होते, तरी आले. पक्षी मात्र तोवर मेला होता. पुढच्या वर्षी सलीम अलीही गेले.

तर तुमचा मुद्दा खरा, शोध ऐतण्णाचा. पण पुढे? त्या पक्ष्यासाठी लंकामल्लेश्वर अभयारण्य झालं. तेलुगू-गंगा कालव्याचा मार्ग त्याच्या अधिवासातून जात होता, तो बदलावा लागला. हे करायला कागद लागतात, नकाशे लागतात, कोर्टात उभी राहील अशी नोंद लागते. पारध्याला ठाऊक असणं आणि सरकारी फायलीत असणं, दोन्ही लागतं.

अभ्यासाची पद्धत तर ऐकाच. निशाचर, भित्रा, मातीच्या रंगाचा पक्षी. झुडुपांत दिसणार कसा? मग संशोधकांनी झुडुपांमधून बारीक, भुसभुशीत मातीच्या पट्ट्या तयार केल्या. सकाळी जाऊन पट्ट्यांवरचे पायाचे ठसे मोजायचे. टिटवीचे वेगळे, तित्तराचे वेगळे, धाविकाचे वेगळे. जिथे ठसे मिळाले तिथे कॅमेरे लावले. त्यावरून कळलं की त्याला ना दाट झाडोरा चालतो ना उघडं माळ. मधलं काहीतरी, विरळ काटेरी रान, लागतं. म्हणजे नेमकी तीच जमीन जिला आपले सात-बारावाले 'पडीक' म्हणतात. लिंबाच्या बागा, कालवे, खाणी, सगळं तिथेच येतं.

२००८-०९ नंतर पुन्हा शांतता. म्हणून २०२५ च्या त्या आवाजाचं एवढं अप्रूप. फोटो नाही, तरी पुरावा पक्का, कारण आधीची ध्वनिमुद्रणं ताडून पाहायला होती.

वेलिंग्टनकर

न्यूझीलंडहून हजेरी. इथली गोष्ट थोडी सुखाची आहे.

ताकाहे. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीच्या कुळातला, पण उडता न येणारा, लाल चोचीचा, तीन किलोच्या आसपासचा ऐसपैस पक्षी. १८९८ मध्ये शेवटचा पकडला गेला आणि संपला असं ठरलं. इन्व्हरकार्गिलचे डॉक्टर जेफ्री ऑर्बेल यांना पटत नव्हतं. २० नोव्हेंबर १९४८ ला मर्चिसन डोंगरांत, ते आनाऊ सरोवराच्या वर, त्यांना जिवंत ताकाहे मिळाले. पकडले, फोटो काढले, सोडून दिले.

सापडला म्हणून वाचला असं मात्र नाही. आणलेली हरणं त्याचं गवत खायची, स्टोट नावाचे छोटे शिकारी प्राणी अंडी-पिल्लं खायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संख्या सव्वाशेच्या खाली गेली होती! मग हरणं कमी केली, पिल्लं वाढवली, शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर जोड्या नेल्या. आता पाचशेच्या वर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नाई ताहू या माओरी जमातीच्या दरीत ताकाहे परत सोडले, त्यांच्या पूर्वजांच्या काळानंतर पहिल्यांदाच.

इथे वेलिंग्टनमध्ये झीलँडिया म्हणून कुंपण घातलेलं अभयारण्य आहे, शहराच्या बसने जाता येतं. आईबाबा आले होते तेव्हा घेऊन गेले. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर आपल्या पाषाण तलावावर असतो तोच, भाताचं पोतं गिळलेला." कुळ अचूक ओळखलं तिने.

खंड्या

हाहा, काकूंना साष्टांग!

@सातपुडेकर गुरुजी, डिसेंबरात आम्ही दोघं तोरणमाळला यायचं म्हणतोय. रानपिंगळ्याची नेमकी जागा टाकता का? गूगल मॅपचा पिन दिलात तर सोपं होईल. शिवाय मोबाईलवर त्याचा कॉल आहे, वाजवला की येतो म्हणतात.

सातपुडेकर

पिन नाही देणार, राग मानू नका.

खंड्या

राग नाही, पण कळत नाही. पक्षी लोकांनी पाहिलाच नाही तर वाचवायचं कुणाला वाटेल? गेस्ट हाऊसवाल्याला चार पैसे मिळतात, गाइड पोराला मिळतात. लपवून ठेवायचं तर हा धागा तरी कशाला?

निशाचर

खंड्याचा प्रश्न रास्त आहे, थट्टेवारी नेऊ नका.

माझं मत: तालुका सांगावा, झाड सांगू नये. कॉल वाजवणं तर विणीच्या हंगामात अजिबातच नको. रानपिंगळ्याची वीण साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणजे आपला सगळा सुट्टीचा मोसम. कॉल वाजला की नराला वाटतं दुसरा नर घुसला. तो शिकार सोडतो, घरटं सोडतो, तुमच्या स्पीकरशी भांडायला येतो. तुमचा फोटो झाला, तुम्ही निघालात. मागून दुसरी गाडी, दुसरा स्पीकर. एका सकाळी पाच गाड्या आल्या तर?

पक्षीनोंदींचं ईबर्ड हे संकेतस्थळसुद्धा काही संवेदनशील पक्ष्यांच्या जागा आपोआप झाकून ठेवतं. ऑस्ट्रेलियात नाइट पॅरट सापडल्यावर जागा गुप्तच ठेवली होती. त्यावर कुणीतरी ऑस्ट्रेलियातून लिहील का?

पर्थची_मैना

लिहिते ना. नाइट पॅरट म्हणजे रात्री बाहेर पडणारा, हिरवट-पिवळा, जमिनीवर राहणारा पोपट. स्पिनिफेक्स नावाच्या टोचऱ्या गवताच्या झुबक्यात दिवसभर बसून राहतो. कित्येक दशकं पुरावा म्हणून फक्त मेलेले पक्षी: १९९० मध्ये क्वीन्सलंडच्या रस्त्याकडेला एक, २००६ मध्ये कुंपणाच्या तारेजवळ एक, तोही बिनडोक्याचा. जिवंत पक्ष्याचा पहिला फोटो २०१३ चा. मग ती जागा राखीव केली आणि पत्ता जाहीर केला नाही.

पण मला जास्त आवडलेली बातमी २०२४ ची आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रेट सँडी वाळवंटात न्गुरुर्पा या आदिवासी समूहाची जमीन आहे. त्यांच्या रेंजर्सनी शास्त्रज्ञांबरोबर वाळवंटात जागोजागी ध्वनिमुद्रक लावून ठेवले आणि पक्ष्यांचे आवाज मोजले. अंदाजे ५० पक्षी निघाले, एकाच भागात माहीत असलेली सगळ्यात मोठी संख्या. कुणी कॉल वाजवले नाहीत, कुणी टॉर्च मारले नाहीत. यंत्र ठेवलं आणि ऐकलं.

आणखी एक. त्याच भागात डिंगोंची (तिथल्या रानकुत्र्यांची) विष्ठा तपासली तर त्यात मांजरांचे अवशेष मिळाले. मोकाट मांजर हा या पोपटाचा मोठा शत्रू. म्हणजे डिंगो मारले तर मांजरं वाढतील, असा सरळ हिशेब. शेतकऱ्यांना हे पटवणं इथेही सोपं नाही. वीज पडून लागणारे वणवे आणखी वेगळे.

माळरान

वा, धागा रंगला. @शंकासुर यांच्या मुद्द्याला आणखी पुरवणी.

पापुआ न्यू गिनीजवळ फर्ग्युसन बेट आहे. तिथला काळ्या मानेचा फेझंट-पिजन, कबुतराच्या कुळातला पण कोंबड्याएवढा, १८८२ नंतर कुठल्या शास्त्रज्ञाने पाहिला नव्हता. २०२२ मध्ये मोहीम गेली. माउंट किलकेरनच्या उतारांवर महिनाभर चालत होते, कॅमेरे लावत होते. शास्त्रज्ञ, स्थानिक पापुआन सहकारी, सगळे. मग ऑगस्टिन ग्रेगरी नावाच्या शिकाऱ्याने सांगितलं की अमुक बाजूला मी हा पक्षी पाहिलाय, त्याचा आवाजही ऐकलाय. कॅमेरे तिकडे हलवले. परतायला दोन दिवस उरले असताना कॅमेऱ्यात शेपूट हलवत चालणारा पक्षी मिळाला. बेटावरच्या लोकांकडे त्याचं नावही होतं, 'आउवो'.

बोर्निओत तर शास्त्रज्ञ नव्हतेच. ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण कालिमंतानच्या जंगलात दोघा स्थानिकांना एक अनोळखी पक्षी मिळाला. फोटो काढून त्यांनी पक्षीमित्रांकडे पाठवला आणि पक्षी सोडून दिला. तो काळ्या भुवईचा सातभाई निघाला. एकुलता एक नमुना १८४० च्या दशकातला, तोही चुकून जावाचा समजलेला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोक चुकीच्या बेटाचं नाव धरून बसले होते. माइनर्ट्झहागेनशिवायही असे घोळ होतात!

पण निशाचर म्हणतात तेही खरं. सापडल्यानंतरचं काम कुणाला दिसत नाही. बर्म्युडाचा काहाव बघा. समुद्रावर राहणारा, फक्त वीण करायला जमिनीवर येणारा पेट्रेल. १६२० च्या दशकानंतर संपला असंच मानत होते. १९५१ मध्ये छोट्या खडकाळ बेटांवर बिळांत जोड्या मिळाल्या, जेमतेम १८. त्या मोहिमेत डेव्हिड विंगेट नावाचा १५ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. त्याने आयुष्यच त्याला वाहिलं. पांढऱ्या लांब शेपटीचे ट्रॉपिकबर्ड काहावची बिळं बळकावून पिल्लं मारायचे, म्हणून बिळाच्या तोंडाशी लाकडी फळी लावली, काहाव आत जाईल पण ट्रॉपिकबर्ड अडेल अशा मापाची. काँक्रीटची कृत्रिम बिळं बांधली. उजाड झालेल्या नॉनसच बेटावर पुन्हा देशी झाडं लावली. त्याच्यानंतर पुढच्या पिढीने पिल्लं उचलून त्या बेटावर नेली, हाताने भरवली, आणि मोठी होऊन ती तिथेच वीण करायला परतली. आज दीडशेच्या वर जोड्या आहेत. १८ वरून दीडशे, सत्तर वर्षांत. एवढ्याशा फळीसाठी मिलिमीटरचा हिशेब करणारा माणूस मला शोधकापेक्षा मोठा वाटतो.

रानपिंगळ्यालाही २०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' मध्ये एक पायरी वर आणलं. पक्षी वाढले म्हणून नव्हे हं, नवीन जागा कळल्या म्हणून.

शंकासुर

ऐतण्णा आणि ऑगस्टिन, दोघांची नावं धाग्यात आली, माझं भांडण मिटलं. काहाववर सविस्तर लिहा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अवांतर: हिमालयन क्वेल १८७६ नंतर कुणाला दिसलेली नाही, शेवटची नैनितालजवळ. उन्हाळ्यात तिकडे जाणार असाल तर मोमो खाताना जरा उतारावरच्या गवताकडेही बघा. भावाला मसुरीला नेलं होतं, त्याने मॉल रोडशिवाय काही बघितलं नाही.

पाणवठा

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन अ‍ॅप लावून रात्री सोडून दिलं तर हे आवाज ओळखेल का?

निशाचर

त्याच्यावर विसंबू नका, विशेषतः दुर्मिळ पक्ष्यांसाठी. ज्या आवाजांवर ते शिकलंय तेवढंच ओळखणार, आणि कधी कधी रातव्याला भलतंच नाव देणार. फाइल जपून ठेवा, ती खरी कामाची. स्थळ, वेळ, अंतर लिहून ठेवा आणि जाणकाराला ऐकवा.

सातपुडेकर

@खंड्या, डिसेंबरात या. वनखात्याची परवानगी आधी काढा, कुणाला विचारायचं ते मी व्यक्तिगत निरोपात कळवतो. आमच्या गावचा पोरगा बरोबर येईल, त्याचे दिवसाचे पैसे ठरलेत ते त्यालाच द्यायचे. स्पीकर बॅगेतच राहील. घरटं दिसलं तर थांबायचं नाही, पुढे चालायचं. आणि दिसलाच नाही तर पैसे परत मिळणार नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

खंड्या

मंजूर. कॉल डिलीट केला. जेवणाचं काय, भाकरी-ठेचा मिळेल ना?

सातपुडेकर

भाकरी मिळेल. ठेचा मुंबईवाल्यांच्या मानाने जरा बेताने करायला सांगतो.